हा मागे कोण होता रे?

माझ्या आईला एकाही नटाचं नाव लक्षात राहत नाही आणि एकाही नटाला ती विसरत नाही. संध्याकाळच्या मालिकेत नवा वकील आला की निवडायला घेतलेली मेथीची जुडी तशीच हातात धरून ती टीव्हीकडे बघत राहते. "हा मागे कोण होता रे?" उत्तराची वाट बघायची पद्धत नाही. दोन मिनिटांत तीच सांगते, "हां, धाकट्या सुनेचा बाप. अटॅकने गेला नव्हता का? चांगलं करायचा काम." मालिकेचं नाव नाही, चॅनेल नाही. बाप होता, गेला, आता काळा कोट घालून परत आलाय. बाकी तपशील तिच्या लेखी फालतू आहेत.

ही खोड माझ्यात जशीच्या तशी उतरली, फक्त मैदान बदललं. मी 'स्टार ट्रेक' बघतो. दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं तेव्हापासून बघतो. घरातला टीव्ही कृष्णधवल होता, इंग्रजी कळत नव्हतं आणि स्पॉक नावाच्या पात्राचे टोकदार कान सोडले तर काही लक्षातही राहिलं नव्हतं. पुढे केबल आली, मग सीडीवाला आला, आता सगळं फोनवर आलंय. पन्नाशीला टेकल्यावर कथानकं पाठ झाली आणि नजर भलतीकडे जायला लागली. कॅप्टन बोलत असतो आणि मी बघत असतो मागे उभ्या असलेल्या, कपाळावर रबराच्या घड्या चिकटवलेल्या परग्रहवासीयाकडे. हा मागे कोण होता?

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यान ठरलेलं, यानावरची सात-आठ माणसं ठरलेली. दर आठवड्याला नवा ग्रह, म्हणजे दर आठवड्याला नवे पाहुणे. मूळ मालिका १९६६ ते १९६९ चालली, ७९ भाग. मग १९८७ ते २००५ या अठरा वर्षांत एकामागून एक, कधी एकाच वेळी दोन, अशा चार मालिका हॉलिवूडच्या पॅरामाउंट स्टुडिओत झाल्या. सहाशेच्या वर भाग. बहुतेक वर्षी एका मालिकेचे सव्वीस भाग, एक भाग सात-आठ दिवसांत उरकायचा. लॉस एंजेलिसमध्ये पोटासाठी ऑडिशन देत फिरणाऱ्या नटांच्या दृष्टीने हा एक चालू कारखाना होता. आठवडाभराचं काम, चेक, आणि पुन्हा फोनची वाट.

सुरुवात मार्क लेनार्डपासून करायला हवी. डिसेंबर १९६६ मध्ये तो पहिल्यांदा आला, शत्रूच्या जहाजाचा कप्तान म्हणून. रोम्युलन जमातीचा, युद्धाला कंटाळलेला, तरी हुकूम पाळणारा माणूस. भागाच्या शेवटी मरतो. आपल्याकडे 'ट्रॅक संपला' म्हणतात तसं त्याचं काम तिथे संपायला हवं होतं. पण वर्षाच्या आत, नोव्हेंबर १९६७ मध्ये, तोच माणूस परत आला आणि थेट स्पॉकचा बाप झाला. राजदूत सारेक. कान तेच, भुवया त्याच, कुणी हरकत घेतली नाही. रोम्युलन आणि स्पॉकची व्हल्कन जमात एकाच मुळाच्या, असं कथेतच ठरलेलं असल्यामुळे सोयही झाली. लेनार्डचा जन्म १९२४चा, स्पॉक झालेल्या लेनर्ड निमॉयचा १९३१चा. म्हणजे बाप मुलापेक्षा फक्त सात वर्षांनी मोठा! आपल्या मालिकांत हे रोज चालतं म्हणून मला त्यात विशेष वाटलं नाही, पण त्या दोघांना शेजारी उभं केलं की खरोखर बाप-लेक वाटतात. लेनार्ड मान जराशी मागे ठेवून बोलतो. बस, तेवढ्यावर त्याने वीस-पंचवीस वर्षं वाढवली आहेत.

मधल्या काळात त्याने 'प्लॅनेट ऑफ द एप्स'च्या दूरदर्शन मालिकेत गोरिला सेनापतीचं काम केलं, सगळा चेहरा मुखवट्यात. १९७९च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात तो क्लिंगॉन कप्तान झाला. रोम्युलन, व्हल्कन, क्लिंगॉन अशी तिन्ही घराणी करणारा पहिला नट. आणि १९९० मध्ये पुन्हा सारेक, या वेळी म्हातारा. भावना आवरण्यात ज्या जमातीचं सगळं आयुष्य जातं, तिच्यातल्या या थोर माणसाला असा आजार झालाय की भावना आवरत नाहीत. मैफलीत बसलेला असताना त्याच्या गालावरून एक थेंब ओघळतो. त्या एका थेंबामागे तेवीस वर्षांची जुनी ओळख आहे. नायकाचं काम करणाऱ्यालाही असं म्हातारपण पडद्यावर क्वचित मिळतं, पाहुण्याला कुठून मिळणार? लेनार्ड १९९६ मध्ये गेला.

हे सगळं जमलं ते रबरामुळे, असं माझं मत आहे. घरगुती मालिकेत एकदा बाप म्हणून मेलात की वकील होऊन परत यायला मधे काही काळ जावा लागतो, आणि तरीही आईसारख्या बायका पकडतातच. इथे चेहराच झाकलेला, त्यामुळे पुढच्या महिन्यात बोलावलं तरी चालतं. नटाला चेहरा हे भांडवल, असं आपण धरून चालतो. या मालिकेत चेहरा दिसला नाही म्हणून काहींचा संसार चालला.

अर्थात रबर सगळ्यांना झेपत नाही. १९८७पासून पुढची सगळी वर्षं तिथल्या रंगभूषेची जबाबदारी मायकल वेस्टमोर यांच्याकडे होती. हॉलिवूडमध्ये रंगभूषेचं घराणंच म्हणावं अशा कुटुंबातले ते. पहाटे खुर्चीत बसायचं, दोन-तीन तास डिंक, रबर, रंग, विग. मग दिवसभर त्या कवचात वावरायचं, त्यातच जेवायचं, आणि दिव्यांच्या उकाड्यात यंत्रांबद्दलची अर्थहीन वाक्यं अशी म्हणायची की जणू त्यावर दोन साम्राज्यांचं भवितव्य अवलंबून आहे.

कॉलेजच्या एका एकांकिकेत मला क्रेपची दाढी लावली होती. फक्त चाळीस मिनिटं. स्पिरिट गमचा तो वास नाकात बसला की दुसरं काही सुचत नाही. वाक्य आलं की हनुवटीपाशी ओढ बसते, आणि आपण ओठ कमी उघडून बोलायला लागतो. माझ्या तोंडून 'महाराज' ऐवजी 'म्हाज' गेलं आणि तिसऱ्या रांगेतून कोणीतरी 'मोठ्याने' असं ओरडलं. प्रयोगानंतर दाढी उपटताना डोळ्यांतून पाणी आलं, त्याचा भूमिकेशी काही संबंध नव्हता. तेव्हापासून रबराखालून स्वच्छ बोलणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे. असे नट फार नसतात. म्हणून तेच तेच पुन्हा बोलावले जात.

व्हॉन आर्मस्ट्राँग हा त्यांतला पक्का गडी. १९८८ मध्ये क्लिंगॉन म्हणून आला आणि पुढे कार्डेशियन झाला, रोम्युलन झाला, बोर्ग झाला, हिरोजन झाला, मधून मधून परत क्लिंगॉन झाला. एकूण डझनभर तरी भूमिका. २००१ मध्ये शेवटच्या मालिकेत त्याला ॲडमिरल फॉरेस्टचं काम मिळालं. गणवेश आणि स्वतःचा, साधा, माणसाचा चेहरा. तेरा वर्षांनी! मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा चेहरा अनोळखी वाटला आणि आवाज घरातला. गंमत म्हणजे त्याच मालिकेत ॲडमिरलचं काम चालू असताना त्याने मधेच दोन परग्रहवासीही करून घेतले. सवय जात नाही.

जेफ्री कोम्ब्सची गोष्ट मला जास्त आवडते. १९८७ची मालिका उभी राहत असताना त्याने रायकर या दुसऱ्या नायकाच्या भूमिकेसाठी ऑडिशन दिली होती. भूमिका मिळाली जोनाथन फ्रेक्सला. सात वर्षांनी, १९९४ मध्ये, कोम्ब्सला 'डीप स्पेस नाइन' या पुढच्या 'ट्रेक' मालिकेत एका भागाचं काम मिळालं, एका लंपट परग्रहवासीयाचं. त्या भागाचा दिग्दर्शक कोण? फ्रेक्स. हा प्रसंग मी एखाद्या कथेत लिहिला असता तर संपादकांनी 'योगायोग टाळा' म्हणून परत पाठवला असता.

पुढे त्याच मालिकेत तो ब्रंट नावाचा खडूस सरकारी वसुली अधिकारी झाला, मोठे कान, वाकडे दात. मग १९९६ मध्ये वेयून. गोड बोलणारा, हात जोडल्यासारखा उभा राहणारा आणि तितकाच घातकी मुत्सद्दी. एका भागापुरता होता, भागाच्या शेवटी त्याला गोळी घालून संपवलाही. पण लेखकांना तो इतका आवडला की त्यांना चुटपुट लागली. उपाय काय काढला? वेयूनच्या जमातीत सगळे क्लोन असतात असं ठरवून टाकलं. एक मेला की पुढचा तयार. त्यानंतर वेयून पाच आला, सहा आला, सात आला, आठ आला. एका भागात तर सहा आणि सात एकाच वेळी, एकमेकांवर टपलेले. १९९९ मध्ये मालिका संपत आली तेव्हा एका भागात कोम्ब्स ब्रंट म्हणूनही आहे आणि वेयून म्हणूनही. म्हणजे एका माणसाला परत बोलावता यावं म्हणून लेखकांनी अख्ख्या जमातीचं जीवशास्त्र बदललं. आपल्याकडे प्रेक्षकांच्या आग्रहास्तव मेलेला नवरा परत येतो, तेव्हा आपण हसतो. मीही हसतो. इथे मात्र टाळ्या वाजवतो, हा पक्षपात मान्य आहे.

अँड्र्यू रॉबिन्सनचं उलटं. १९७१च्या 'डर्टी हॅरी'तल्या विकृत खुन्याचं काम त्याने इतकं मन लावून केलं की तोच चेहरा त्याच्या मागे लागला. १९९३ मध्ये तो 'डीप स्पेस नाइन'मध्ये आला गॅरॅक नावाचा शिंपी होऊन. कापड मोजणारा, हसतमुख, बहुधा हेर. तोही एका भागाचाच पाहुणा होता. पुढची सहा वर्षं येत राहिला. भूमिका नीट कळावी म्हणून तो गॅरॅकच्या नावाने रोजनिशी लिहायचा, चाहत्यांच्या मेळाव्यांत त्यातली पानं वाचून दाखवायचा, आणि त्यातून २०००मध्ये चक्क एक कादंबरी निघाली. खुन्याच्या चेहऱ्यावर कार्डेशियन रबर चढलं आणि माणूस सुटला.

या मेळाव्यांबद्दल पुष्कळ लोक नाक मुरडतात. १९७२ मध्ये न्यूयॉर्कला पहिला मोठा मेळावा भरला, तेव्हापासून हे चालू आहे. एका टेबलामागे तीस वर्षांपूर्वीचा क्लिंगॉन बसलेला असतो, पुढे फोटोंची चळत, सही करून देतो, पैसे घेतो. आपल्याकडे याला 'सुपारी' म्हणतात आणि दहीहंडीला मालिकेतली सून आली की आपणच गर्दी करतो. साठच्या दशकातल्या करारांत पुनःप्रसारणाचे पैसे पहिल्या काही खेपांपुरतेच मिळत. नंतर मालिका जगभर कितीही वेळा दाखवली तरी नटाच्या हातात काही पडत नसे. ती दरी काहींनी या टेबलावर बसून थोडीफार भरली. त्यात लाजण्यासारखं काय आहे? आर्मस्ट्राँग आणि त्याच्यासारख्या काही जुन्या परग्रहवासीयांनी तर मिळून ब्लूज वाजवणारा बँड काढला आणि मेळाव्यांत वाजवला.

काही पाहुणे अर्थात एकदा-दोनदाच आले आणि मोठे झाले. ॲशली जड, फॅम्के यान्सन, लहानगी कर्स्टन डन्स्ट, कुस्तीच्या आखाड्यातून आलेला ड्वेन जॉन्सन. जेम्स क्रॉमवेल तीन वेळा वेगवेगळ्या सोंगांत येऊन गेला, मग 'बेब'साठी ऑस्करचं नामांकन मिळवलं, आणि चौथ्या वेळी चित्रपटात प्रकाशापेक्षा वेगवान इंजिनाचा मूळ शोधकर्ताच झाला. त्यांचं बरं चाललंय, त्यांना इथे सोडू.

आपल्या बाजूचं काय, असं कोणी तरी विचारतंच. १९६७ मध्ये खान नूनियन सिंग आला. उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं संवादातच आहे. एका चित्रात फेटाही दाखवलाय. काम केलं रिकार्डो माँटलबान या मेक्सिकोच्या नटाने. छातीचा भाता, उच्चार स्पॅनिश, नाव अर्धं पठाणी अर्धं पंजाबी. ते खटकतं, आणि तरी तो माणूस बोलायला लागला की मी गप्प बसतो. पंधरा वर्षांनी, १९८२ मध्ये, तोच पाहुणा अख्ख्या चित्रपटाचा खलनायक होऊन परतला. एका भागासाठी आलेला माणूस इतक्या वर्षांनी हिशेब मागायला येतो, ही कल्पनाच नटांच्या जगातली वाटते मला.

आणि मुंबईची पर्सिस खंबाटा. १९६५ची मिस इंडिया. सत्तरच्या दशकात 'स्टार ट्रेक'ची नवी दूरदर्शन मालिका निघणार होती, तिच्यात तिची कायमची भूमिका ठरली होती. ती मालिका रद्द होऊन १९७९चा चित्रपट झाला. भूमिकेसाठी डोकं तुळतुळीत करावं लागलं, कॅमेऱ्यासमोर ती रडली. आणि कथेच्या शेवटी तिचं पात्र प्रकाशात विरून जातं. घरची म्हणून बोलावली होती, पाहुणी म्हणून परत पाठवली. १९८० मध्ये ऑस्करच्या मंचावर पुरस्कार द्यायचा मान तिला मिळाला, पण कामं मात्र मिळायला हवी होती तशी मिळाली नाहीत. १९९८ मध्ये मुंबईतच गेली, पन्नाशीही गाठली नाही.

दार्जिलिंगला जन्मलेला एरिक अवारी हा दुसरा पारशी. त्याने मोठ्या भूमिकेचा मार्ग धरलाच नाही. तीन 'ट्रेक' मालिकांत तीन छोटी कामं, 'स्टारगेट'मध्ये वाळवंटातल्या वस्तीचा म्हातारा, 'ममी'मध्ये संग्रहालयाचा प्रमुख. अरब, इजिप्शियन, क्लिंगॉन, बजोरन. नाव कुणाला सांगता येणार नाही, पण आईला दाखवला तर ती नक्की म्हणेल, "हा मागे कोण होता रे?"

तिला खरंच दाखवलंय मी एकदा-दोनदा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती दोन महिने माझ्याकडे होती. मराठी मालिका सात ते दहा. बाकी वेळ काय करायचं? मी 'डारमॉक' लावला. १९९१चा भाग. परग्रहाचा कप्तान आणि आपल्या यानाचा कप्तान पिकार्ड एका ओसाड ग्रहावर अडकतात. त्या लोकांची भाषा अशी की शब्द कळतात, अर्थ लागत नाही. सगळं त्यांच्या पुराणकथांच्या दाखल्यांत. अपयश म्हणायचं तर 'शाका, भिंती कोसळल्या तेव्हा'. दे म्हणायचं तर 'टेम्बा, हात पसरून'. परग्रहाचा कप्तान झालाय पॉल विनफील्ड. हा १९७२च्या 'साउंडर'साठी ऑस्करचं नामांकन मिळालेला नट. चेहरा पूर्ण रबराखाली, नाकाचा पत्ता नाही, आणि सरळ अर्थाचं एकही वाक्य नाही. उरलं काय? डोळे, आवाज आणि हात.

मी आईला थांबून थांबून समजावत होतो. ती वैतागली. "अरे कळतंय मला. आपण नाही का म्हणत, पानिपत झालं? ध चा मा केला म्हणतो तेव्हा काय आनंदीबाई असते का समोर?"

मी गप्प झालो. या भागावर मी इतकं वाचलं होतं, भाषेच्या अभ्यासकांचे वाद वाचले होते, आणि हे कधी सुचलं नव्हतं. खरंच, आपण अर्धा दिवस असेच तर बोलतो. बाहेरचा कोणी आला तर त्याला शब्दकोशात 'संक्रांत' सापडेल, पण आपल्यावर ती का येते ते कसं कळणार?

शेवटी तो कप्तान जखमी होऊन पडलेला असतो आणि शेकोटीशेजारी पिकार्ड त्याला गिलगमेशची गोष्ट सांगतो. विनफील्ड नुसता ऐकतो. चेहरा हलू शकत नाही एवढं रबर आहे, तरी ऐकताना तो बदलत जातो. मरणाऱ्या माणसाला गोष्ट आवडलीय, एवढंच. आई चष्मा पुसायला लागली. "हा चांगला आहे हो," ती म्हणाली, "तोंड दाखवलं असतं तर बरं झालं असतं."

त्याच आठवड्यात 'द व्हिजिटर' दाखवला. १९९५चा. बाप अपघातात काळाच्या फटीत अडकतो, मधून मधून काही क्षण परत येतो, आणि मुलगा त्याला सोडवण्यात सगळं आयुष्य घालवतो. मोठा झालेला आणि मग म्हातारा झालेला मुलगा टोनी टॉडने केलाय. टॉड म्हणजे 'कँडीमॅन'मधलं भूत, साडेसहा फूट उंच, आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्याला वाढवणारी त्याची मावशी त्या आधी थोड्याच काळात गेली होती; आपलं हे काम तिच्यासाठी होतं, असं तो सांगायचा. मला ते माहीत होतं, आईला सांगितलं नाही. ती भाग संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली की औषधाची वेळ झाली.

ती घरी परतली, गुडघा बरा झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये टोनी टॉड गेल्याची बातमी आली. त्या दिवाळीनंतर आई पुन्हा चार दिवस राहायला आली होती. रात्री मी एकटाच १९९० सालचा एक क्लिंगॉन भाग बघत होतो. टॉड त्यात यानावरच्या क्लिंगॉन अधिकाऱ्याचा, वॉर्फचा, भाऊ आहे, लांब केस, कपाळावर हाडांच्या कंगोऱ्यांचं रबर, दात ओबडधोबड, चिलखत. ओळखायला काही शिल्लक नाही. आई पाणी प्यायला उठली होती. फ्रीजपाशी उभी, पाठ टीव्हीकडे. तो काहीतरी गुरगुरला.

ती वळली. बाटली हातात धरून क्षणभर बघत राहिली.

"हा तोच ना रे? ज्याचा बाप अडकला होता?"

"हो."

"हे नंतरचं का?"

"नाही, आधीचं."

"मग अजून माहीत नसेल त्याला," ती म्हणाली, आणि बाटलीचं झाकण लावत झोपायला गेली.